हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियरिंग आणि घरी बायो: मुंबईत अकरावी-बारावी करताना दोन्ही कसं जमवायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. आपल्याकडे एमबीबीएसची ॲडमिशन 'नीट' या देशभरातल्या प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर होते, बास. ७२० पैकी किती पडले ते बघतात. व्हॉलंटियरिंगचं सर्टिफिकेट कुठल्याच राउंडला कोणी विचारत नाही, सीईटी सेलच्या (राज्यातल्या ॲडमिशन तेच करतात) डॉक्युमेंटमध्ये डोमिसाइल असतं, कास्ट व्हॅलिडिटी असते, नॉन क्रीमी लेअर असतं, हे कुठेच नसतं. अगदी दोघांचे मार्क सेम आले तरी आधी बायोचे मार्क बघतात, मग केमिस्ट्रीचे, मग फिजिक्सचे, तुम्ही किती आजोबांना व्हीलचेअरवर बसवलंत ते नाही बघत.

हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे हल्ली अकरावीची पोरं अमेरिकेतल्या प्रीमेडवाल्यांचे (मेडिकलच्या ॲडमिशनची तयारी करणाऱ्यांचे) व्हिडिओ बघतात आणि टेन्शन घेतात की आपले हॉस्पिटलचे तास झालेच नाहीत. अहो, तिकडची सिस्टीमच वेगळी आहे. तिकडे आधी ४ वर्षांची डिग्री, त्यात बायो, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स असे ठरावीक कोर्स, मग एमकॅट नावाची परीक्षा जिचा स्कोअर ४७२ ते ५२८ असतो, आणि फॉर्ममध्ये १५ पर्यंत ॲक्टिव्हिटी लिहायच्या असतात, त्यात हॉस्पिटलचे तास आणि डॉक्टरच्या मागे फिरून बघणं येतं. त्यांना ते लागतंच. तुम्हाला पुढेमागे तिकडे जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण परळला बसून त्यांचे तास मोजू नका.

मग करायचंच कशाला? माझ्या मते दोन कारणं आहेत. एक, साडेपाच वर्षं (साडेचार शिक्षण आणि १ इंटर्नशिप) ज्या जागेत काढायची आहेत ती जागा आपल्याला झेपते का ते आधी बघून घ्यावं. आमच्या बॅचमध्ये फर्स्ट इयरला असे दोघं-तिघं होते ज्यांनी ॲडमिशन होईपर्यंत सरकारी हॉस्पिटलची ओपीडी आतून पाहिलीच नव्हती, घरचे कायम प्रायव्हेटमध्ये नेणारे, आणि पहिल्यांदा कॅज्युअल्टीत गेल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. दुसरं कारण, बायो डोक्यात बसते. त्यावर खाली सविस्तर लिहिलंय कारण खरा फायदा तिथे आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

कधी करायचं

दहावीची परीक्षा संपल्यावरची सुट्टी, अकरावीची दिवाळी, अकरावीची वार्षिक परीक्षा झाल्यापासून बारावीचं कॉलेज जोरात सुरू होईपर्यंत. एवढंच. बारावीच्या गणपतीनंतर काही नाही, शून्य, कोणी कितीही गोड बोललं तरी. तेव्हा बोर्डाचे प्रॅक्टिकल, जर्नल, सराव परीक्षा, क्लासच्या टेस्ट सगळं एकावर एक येतं आणि रविवारची टेस्ट बुडवून केलेल्या सेवेचं पुण्य कुठेही जमा होत नाही.

पण सगळ्यात भारी वेळ कुठली सांगू का, नीट झाल्यावरची. मेमध्ये पेपर होतो, मग आन्सर की, रिझल्ट, मग राउंडवर राउंड, प्रत्यक्ष कॉलेज सुरू व्हायला बरेच महिने जातात आणि सगळे घरी बसून कट ऑफच्या अफवा चघळत असतात. तेव्हा बऱ्याच जणांना १८ पूर्ण झालेली असतात, त्यामुळे जिथे अकरावीत दारातून परत पाठवलं तिथे आता घेतात, अभ्यासाचं ओझं नाही, आणि मार्क काय पडतील या विचाराने डोकं फिरण्यापेक्षा चार तास कामात जातात. ड्रॉप घेणाऱ्यांनी (वर्षभर थांबून पुन्हा नीट देणाऱ्यांनी) मात्र रिझल्ट लागला की बंद करायचं, सरळ अभ्यासाला लागायचं.

अकरावीत किती वेळ द्यायचा? एक आड एक शनिवार किंवा रविवार, तीन तास. दर आठवड्याला जातो म्हणून सुरुवात करून महिन्याभरात गायब होणाऱ्यांनीच आपल्यासारख्यांचं नाव खराब केलंय. हॉस्पिटलवाल्यांना आणि संस्थांना रोज येणारा नको असतो, सांगितलेल्या दिवशी येणारा हवा असतो.

कुठे जायचं

सगळ्यांची पहिली उडी केईएम नाहीतर टाटावर (कॅन्सरचं हॉस्पिटल) असते. साहजिक आहे, परळला केईएम, टाटा, वाडिया सगळी चालत जाण्याच्या अंतरावर, सायनला लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला जेजे, पार्ल्याला कूपर. पण १६-१७ वर्षांच्या पोराला डायरेक्ट वॉर्डात कोणी घेत नाही आणि घेऊही नये. वॉर्डात तुम्ही मध्ये मध्येच येता. इन्फेक्शन तुम्हाला होऊ शकतं आणि तुमच्यामुळे पेशंटला पण. त्यामुळे बाहेरून आत असं जा.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे रक्तदान शिबिर. मुंबईत गणेश मंडळं, गोविंदा पथकं, कॉलेजं, स्टेशन, सोसायट्या, वर्षभर कुठे ना कुठे चालू असतं. तुम्ही १८ च्या आत असाल तर रक्त देता येत नाही (१८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर लागतं) पण फॉर्म भरून घेणं, रांग सांभाळणं, रक्त देऊन उठलेल्याला दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवणं, बिस्किट-सरबत देणं, चक्कर येतेय असं वाटलं तर लगेच टेक्निशियनला हाक मारणं, हे सगळं करता येतं. फॉर्मवरचे प्रश्न नीट वाचा, टॅटू कधी काढला, कावीळ झाली होती का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, प्रत्येक प्रश्न का विचारलाय हे शोधत बसलात तरी तुमचा अर्धा धडा होतो. आणि मे महिन्यात मुद्दाम जा, कॉलेजं बंद, अर्धी मुंबई गावाला, तेव्हा रक्ताचा हमखास तुटवडा असतो.

दुसरं म्हणजे पेशंटच्या राहण्याच्या जागा. टाटाला देशभरातून लोक येतात, उपचार महिनोन्महिने चालतात आणि मुंबईत राहायला जागा नसते, बाहेर फुटपाथवर पथारी टाकून बसलेली कुटुंबं तुम्ही येताजाता पाहिली असतील. त्यांच्यासाठी दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, कॅन्सर झालेल्या लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची सेंटर्स आहेत. अशा ठिकाणी मुलांचा अभ्यास घेणं, चित्रं काढणं, फॉर्म वाचून दाखवणं, औषधांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून देणं अशी कामं निघतात. प्रत्येकाचे नियम वेगळे, वयाची अट वेगळी, आधी फोन करून विचारा, उगाच दारात जाऊन उभं राहू नका. इथे हिंदी लागतेच, बंगाली येत असेल तर तुम्हाला डोक्यावर घेतील.

तिसरं एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. ज्युनिअर कॉलेजमध्ये युनिट असेल तर डोळे झाकून नाव घाला. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि एक ७ दिवसांचा कॅम्प असा हिशोब असतो. पल्स पोलिओच्या बूथवर बसणं, शिबिरं, आरोग्य सर्व्हे असं बरंच काही यातून मिळतं आणि मुख्य म्हणजे कॉलेजचं पत्र हातात असतं. पत्र असलं की बंद दारं पण उघडतात हो.

आणि चौथं, तुमचे फॅमिली डॉक्टर. याकडे सगळे नाक मुरडतात. घाटकोपर, डोंबिवली, नालासोपारा, कुठेही असा, ज्या डॉक्टरांनी तुम्हाला लहानपणी इंजेक्शन दिलं त्यांच्या दवाखान्यात संध्याकाळी दोन तास कोपऱ्यात बसू देता का विचारा. पेशंटला विचारूनच बसायचं, तो नको म्हणाला तर निमूट बाहेर. पावसाळ्यात तापाची रांग लागते तेव्हा डॉक्टर कसे दोन प्रश्नांत ठरवतात की याला क्रोसिन पुरे आणि त्याचं ब्लड करायला पाठवायचं, हे बघणं म्हणजे फुकटात मिळालेलं सोनं आहे.

एक धोक्याची घंटा. 'क्लिनिकल एक्स्पोजर', 'ज्युनिअर डॉक्टर प्रोग्रॅम' असल्या नावाने काही जण अकरावीच्या मुलांकडून हजारो रुपये घेतात, पांढरा कोट घालून फोटो काढतात आणि चकचकीत सर्टिफिकेट देतात. एका ओळखीच्या काकूंनी मुलीसाठी असे पैसे भरले, पोरीला आठवडाभर एसी हॉलमध्ये स्लाइड्स दाखवल्या, पेशंट एकही नाही. वर सांगितलं ना, त्या सर्टिफिकेटची किंमत ॲडमिशनला शून्य. सेवा करायला पैसे भरावे लागत असतील तर तिथून निघा.

विचारायचं कसं

मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये थेट डीनच्या केबिनबाहेर बसू नका. मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात ते विचारा. बाहेरून येऊन मदत करणाऱ्या संस्था कोणत्या, कुठल्या वारी येतात, कोणाला माणसं हवी आहेत हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. सकाळी अकराला जाऊ नका, ओपीडी भरात असते, कोणी मान वर करून बघणार नाही. दुपारी दोननंतर जरा शांत होतं.

पत्र असं काहीतरी, साधं मराठीत चालतं: 'मी अमुक कॉलेजात अकरावी सायन्सला आहे. महिन्यातून दोन शनिवार, सकाळी ९ ते १२ येऊ शकेन. मराठी, हिंदी नीट वाचता-लिहिता-बोलता येतं. फॉर्म भरणं, रस्ता दाखवणं, कागद लावणं अशी कामं करायची तयारी आहे. सोबत कॉलेजचं आयकार्ड आणि पालकांचं संमतीपत्र जोडलंय.' झालं. लहानपणापासून डॉक्टर व्हायचं स्वप्न, मानवसेवा हीच ईश्वरसेवा वगैरे नको, त्यांनी ते हजारदा वाचलंय. त्यांना बघायचं असतं की हा पोरगा कधी येणार, काय करणार आणि याच्या घरी माहीत आहे का.

उत्तर नाही आलं तर आठ दिवसांनी पुन्हा जा. मग परत एकदा. त्यानंतर दुसरी जागा बघा.

काम काय असतं

काम साधं असतं, आणि इथेच बऱ्याच जणांचा मूड जातो. त्यांना वाटतं आपण स्टेथोस्कोप अडकवून फिरणार. तुम्ही तीन तास 'ईसीजी कुठे काढतात', 'हे औषध कुठल्या खिडकीवर', 'बाथरूम कुठे' याचीच उत्तरं देणार आहात.

ओपीडीतला एक नमुना सांगते. गावाकडून आलेले एक बाबा, सोबत सून, हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, त्यात तीन वर्षांचे कागद कोंबलेले. गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, तालुक्याच्या लॅबचे रिपोर्ट, दोन एक्सरे गुंडाळी करून, एक सोनोग्राफी, मेडिकलची बिलं, मध्येच लाइट बिल. आत डॉक्टरांकडे एका पेशंटला मिळतात मोजून काही मिनिटं, आणि ती या पिशवीतून कागद शोधण्यात जातात. तुम्ही बाहेर बाकावर बसून काय करायचं, तर बिलं वेगळी, चिठ्ठ्या वेगळ्या, रिपोर्ट वेगळे. रिपोर्ट तारखेप्रमाणे, सगळ्यात नवा वर. एका कोऱ्या कागदावर चार ओळी, कधीपासून त्रास, कुठलं ऑपरेशन झालंय का, कुठल्या गोळ्या चालू आहेत (गोळ्यांची पाकिटंच समोर ठेवायला सांगा, नावं कोणाला आठवत नाहीत), कसली ॲलर्जी आहे का. बस, वीस मिनिटांचं काम. आत गेल्यावर डॉक्टरांचा वेळ पिशवीऐवजी बाबांवर जातो. आणि तुम्ही नकळत काय शिकलात, तर हिस्टरी घ्यायला शिकलात, जी एमबीबीएसला सेकंड इयरला वॉर्डात उभं करून शिकवतात आणि तिथे भल्याभल्यांची त-त-प-प होते.

दुसरं महत्त्वाचं काम सरकारी योजनांचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा (मोफत उपचारांची सरकारी योजना) काउंटर असतो, तिथे आरोग्यमित्र बसतात, लोकांना ते माहीतच नसतं. रेशनकार्ड, आधार घेऊन त्यांच्यापर्यंत माणूस पोचवणं एवढं जरी केलंत तरी एखाद्या घराचं कर्ज वाचतं. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे पण माहीत असू द्या. फक्त तुम्ही स्वतः कोणाला 'तुमचं फुकट होईल' असं आश्वासन देऊ नका. काउंटर दाखवा, कागदांची यादी लिहून द्या, तिथे थांबा.

हे पाळा, यात सूट नाही

पाणी किंवा खाणं कोणालाही सिस्टरला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. ऑपरेशनच्या आधी पेशंटला उपाशी ठेवलेलं असतं, तो तुमच्याकडे 'बाळा, घोटभर पाणी दे' म्हणून हात जोडेल, तुम्हाला कळवळा येईल, आणि त्या घोटापायी त्याचं ऑपरेशन पुढे ढकललं जाऊ शकतं, भूल दिल्यावर उलटी फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो म्हणून. सलाईन संपलं, सुई निघाली, मॉनिटर वाजतोय, हात लावायचा नाही, हाक मारायची.

रिपोर्ट तुम्हाला वाचता आला तरी त्याचा अर्थ सांगायचा नाही. टाटाच्या आसपास तर अजिबात नाही. अनेक घरांत पेशंटला आजाराचं नाव सांगितलेलं नसतं, आणि 'पोरी, यात काय लिहिलंय गं' हा प्रश्न तुम्हाला हमखास येणार. उत्तर एकच, डॉक्टर नीट समजावतील, चला आपण विचारू.

फोटो, रील, स्टोरी, काही नाही. पाठमोरा पेशंट पण नाही. कोणाला काय झालंय हे मैत्रिणीला सांगताना नाव घ्यायचं नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, माहिती गुप्त ठेवावीच लागते.

आता इन्फेक्शन. हिपॅटायटिस बीचे डोस झालेत का ते आईला विचारा, नसतील तर डॉक्टरांना विचारून ०, १ आणि ६ महिने असा कोर्स पुरा करा, पुढे एमबीबीएसला लागणारच आहे. गर्दीच्या ओपीडीत मास्क, मुंबईत टीबी कमी नाही. साबणाने हात धुवायचे तर ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझर असेल तर २०-३० सेकंद. खाली पडलेली सुई उचलायची नाही, कोणाला तरी सांगायचं. चुकून टोचलीच तर जखम पिळत बसू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि तिथल्या तिथे सिस्टरला सांगा, कारण एचआयव्ही टाळायच्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही. घाबरून लपवणं सगळ्यात वाईट. कचऱ्याचे डबे पिवळा, लाल, पांढरा, निळा असे का असतात ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, आणि तुमचा वडापावचा कागद पिवळ्या डब्यात टाकू नका, मावशी ओरडतील आणि बरोबरच ओरडतील.

मावशींवरून आठवलं. वॉर्डबॉयना मामा म्हणतात, आयांना मावशी, नर्सना सिस्टर. हे तिघं खूश तर तुमचं सगळं सुरळीत. कुठला डॉक्टर कधी बसतो, कुठली लिफ्ट बंद आहे, कुठल्या खिडकीवर सुट्टे पैसे लागतात, सगळं मामांना माहीत. मोठ्या डॉक्टरांच्या पुढे पुढे करण्यापेक्षा मावशींना 'काही धरू का' विचारा.

आता अभ्यास

नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं, त्यातले ९० बायोचे. म्हणजे ३६० मार्क, निम्मा पेपर. चूक झाली की १ मार्क वजा. आणि बायो म्हणजे एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकाची ओळन् ओळ. पोरं ती हायलाइटरने पिवळी करून करून पाठ करतात आणि टेस्टमध्ये दोन पर्याय सारखे वाटले की अडकतात. हॉस्पिटलमध्ये पाहिलेली गोष्ट आणि पुस्तकातली ओळ जोडली ना की ती विसरता विसरत नाही. मी हे असं करायचे: घरी आल्यावर छोट्या वहीत आज पाहिलेली एकच गोष्ट, आणि शेजारी एनसीईआरटीचा तो पॅराग्राफ शोधून पान नंबर. एकच गोष्ट, दहा मिनिटं. पेशंटचं नाव-गाव काही नाही.

उदाहरणं देते. डायलिसिस सेंटरच्या बाहेर बसलेले लोक, आठवड्यातून साधारण तीनदा येतात, चार-चार तास मशीनला, घरी पाणी मोजून पितात. आता पुस्तक उघडा: रक्तात हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) घालतात, डायलायझिंग फ्लुइड प्लाझ्मासारखंच असतं फक्त त्यात नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ नसतात, म्हणून युरिया रक्तातून बाहेर येतो. 'फक्त नसतात' हाच प्रश्न असतो. आणि निरोगी किडनी मिनिटाला १२५ मिली म्हणजे दिवसाला १८० लिटर गाळते हे वाचताना तुम्हाला ते मोजून पाणी पिणारे काका आठवतील, मग आकडा घोकायला लागत नाही.

ईसीजीचं जरा गंमतीचं आहे. पुस्तकात तीन लीड लिहिलेत, दोन मनगटं आणि डावा घोटा. हॉस्पिटलमध्ये बघाल तर छातीवर सहा आणि हातापायांना चार असे दहा इलेक्ट्रोड लावतात आणि त्यातून बारा लीडचा ईसीजी निघतो. परीक्षेत पुस्तकातलंच लिहायचं, तिथे शहाणपणा करून मार्क घालवू नका, पण पट्टीवरच्या लाटांत पी म्हणजे एट्रियाचं (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं) डीपोलरायझेशन, क्यूआरएस म्हणजे व्हेंट्रिकल्सचं (खालच्या कप्प्यांचं), टी म्हणजे व्हेंट्रिकल्सचं पुन्हा पूर्वस्थितीला येणं, हे खरी पट्टी हातात धरून बघितलं की पक्कं होतं.

रक्तदान शिबिरात एका पिशवीचे तीन भाग होतात हे विचारा: लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा. प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात, म्हणून डेंग्यूच्या सीझनला धावपळ. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, बोरिवलीला महापालिकेचं त्यांच्यासाठी खास सेंटर आहे. घरी येऊन जेनेटिक्स: अल्फा थॅलेसेमियाची जीन्स १६ नंबरच्या क्रोमोसोमवर, बीटाचं ११ वर, थॅलेसेमियात ग्लोबिन कमी बनतं आणि सिकल सेलमध्ये चुकीचं बनतं, सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. हा फरक हमखास येतो आणि हमखास चुकतो.

पावसाळा तर मुंबईत फुकटचा प्रॅक्टिकल क्लास आहे. मलेरियाची थंडी का वाजते, लाल पेशी फुटून हिमोझोइन हे विषारी द्रव्य बाहेर पडतं म्हणून. टायफॉइडला विडाल टेस्ट. तुंबलेल्या पाण्यातून चालत आल्यावर महापालिका लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) इशारा देते, तो पुस्तकात नसला तरी तुमच्या पायाला जखम असेल तर तुमच्या कामाचा आहे, ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा.

फिजिक्स-केमिस्ट्रीला याचा काडीचा उपयोग नाही, खोटं कशाला सांगू. फिजिक्सला रोज गणितं सोडवण्याला पर्याय नाही, आणि बायोवाली पोरं तिथेच मार खातात. शनिवारी हॉस्पिटल केलंत तर रविवारची सकाळ फिजिक्सला, हा नियमच करून टाका.

आणि बोर्डाला हलक्यात घेऊ नका. एमबीबीएससाठी पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून) ओपनला ५० टक्के, राखीवला ४० टक्के लागतात, कॉलेजची ७५ टक्के हजेरी लागते, प्रॅक्टिकलचे ३० मार्क जर्नल वेळेत पूर्ण असेल तर अलगद मिळतात. इंटिग्रेटेडवाल्यांनी (कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्यांनी) जर्नल फेब्रुवारीत एका रात्रीत उतरवायचा बेत करू नये, हात दुखतो आणि त्याच हाताने बोर्डाचा पेपर लिहायचा असतो.

घरचे आणि क्लासचे सर म्हणतील वेळ वाया चाललाय. भांडू नका. आईबाबांना सांगा की तीन टेस्टचे मार्क बघा, घसरले तर बंद करते. आणि खरंच घसरले तर बंद करा.

प्रवासाचं एकच, विरार नाहीतर कल्याणहून परळ गाठून परत जाण्यात चार तास घालवण्यात अर्थ नाही. घराजवळचं महापालिकेचं रुग्णालय, वृद्धाश्रम, डायलिसिस सेंटर शोधा. परळच हवं असेल तर शनिवारी लवकरची गाडी पकडा आणि गाडीत फ्लॅशकार्ड, उभ्याने पण होतात.

नाही आवडलं तर

होतं असं. दोन-तीन वेळा जाऊन कळतं की वास सहन होत नाही, किंवा रक्त चालतं पण माणसांचं रडणं नाही चालत. पहिल्या दिवशी चक्कर आली म्हणून लगेच ठरवू नका, ती सवयीने जाते, जाण्याआधी पोटभर नाश्ता करा. पण महिन्या-दोन महिन्यांनी पण शुक्रवारी रात्री पोटात गोळा येत असेल तर ते ऐका, आणि तसं इन्चार्जना सांगून, आयकार्ड परत करून निघा, गायब होऊ नका.

मेडिकल म्हणजे फक्त एमबीबीएस नाही. फिजिओथेरपीला आपल्याकडे नीटवरूनच जातात, फार्मसीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबी ग्रुप, बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी असते, लॅब टेक्नॉलॉजी आहे. पिशवीतले कागद लावताना मजा आली पण औषधांत रस नाही असं ज्यांना वाटलं त्यांनी देवनारच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सोशल वर्क काय असतं ते जरूर बघा, ते मेडिकल सोशल वर्कर तिथूनच तर येतात बरेचसे. सीईटीचे फॉर्म नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी निघतात आणि बंदही होतात, त्यामुळे एमबीबीएसच करायचं असं पक्कं असलं तरी भरून ठेवा, डोमिसाइल आणि नॉन क्रीमी लेअरची कामं बारावीच्या दिवाळीतच उरका, जूनमध्ये सेतूला जी रांग लागते तिच्यापुढे केईएमची ओपीडी बरी.